काचबिंदू : औषध, शस्त्र आणि एक बारीक नळी

1819 साली स्थापन झालेले मद्रासचे सरकारी नेत्ररुग्णालय आज चेन्नईच्या एग्मोर भागात उभे आहे. नोकरीनिमित्त दक्षिणेत राहिलेल्या मराठी मंडळींपैकी पुष्कळांनी त्याची इमारत पाहिली असेल. परंतु काचबिंदूच्या शस्त्रक्रियेच्या इतिहासातील एक महत्त्वाचे पान या संस्थेत लिहिले गेले, हे थोड्यांनाच ठाऊक असते. त्या पानाच्या मागचा-पुढचा इतिहास वाचला, म्हणजे औषध श्रेष्ठ की शस्त्र, हा जुना वाद कसकसा मिटत गेला ते ध्यानात येते. तोच इतिहास वाचकांपुढे थोडक्यात मांडण्याचे आम्ही योजिले आहे.

मोतीबिंदू आणि काचबिंदू ही नावे सख्ख्या भावांसारखी असली, तरी स्वभाव अगदी भिन्न. मोतीबिंदूने गेलेली नजर शस्त्रक्रियेने परत येते. काचबिंदूने गेलेली येत नाही. डोळ्याच्या पुढच्या भागात एक निर्मळ द्रव सतत झिरपत असतो आणि तितकाच तो बाहेर वाहून जात असतो. त्याची वाट तुंबली की डोळ्यातील दाब चढतो आणि मेंदूकडे जाणारा दृष्टीचा मज्जातंतू हळूहळू मरू लागतो. मग वैद्याच्या हाती दोनच उपाय उरतात : पाणी कमी निर्माण करावे, किंवा त्याला वाट मोकळी करून द्यावी.

बर्लिनचे आल्ब्रेख्ट फॉन ग्रेफे यांनी 1857 साली दुसरा मार्ग दाखविला. बाहुलीभोवतीच्या रंगीत पडद्याचा तुकडा कापून काढल्यास तीव्र काचबिंदूचा दाब उतरतो, हे त्यांनी सिद्ध केले. पुढे 1876 साली स्ट्रासबुर्गच्या लुडविग लाक्युर यांनी औषध पुढे आणले. पश्चिम आफ्रिकेतील कालाबार प्रांतात आरोपीचा खरेखोटेपणा ठरविण्यासाठी एक विषारी बी खाऊ घालीत. त्याच बियातील फिझोस्टिग्मिनचे थेंब त्यांनी डोळ्यांत घातले आणि दाब उतरला. लाक्युर यांना स्वतःलाच काचबिंदू होता. थेंबांनी त्यांनी आजार काही वर्षे आवरून धरला आणि शेवटी 1880 साली झ्युरिकच्या हॉर्नर यांच्याकडून शस्त्रक्रिया करवून घेतली. औषध आणि शस्त्र यांचा मिलाफ असा एका वैद्याच्या स्वतःच्याच डोळ्यांत झाला. तथापि त्यातला बोध घ्यायला पुढे बराच काळ जावा लागला.

मद्रासचे पान येते ते 1909 साली. रुग्णालयाचे प्रमुख कर्नल रॉबर्ट हेन्री एलियट यांनी, डोळ्याचा पांढरा आणि पारदर्शक भाग जेथे मिळतात तेथे, गोल पात्याच्या हत्याराने बारीकसे छिद्र पाडून पाण्याला वरच्या पातळ त्वचेखाली वाट करून दिली. 1913 साली त्यांचा ग्रंथ निघाला आणि ही पद्धत जगभर गेली. पण छिद्र पाडणे सोपे, ते उघडे ठेवणे अवघड! जखम भरून काढणे हा शरीराचा धर्म आहे, आणि येथे तोच धर्म वैद्याच्या आड येत होता.

यास्तव छिद्रात काहीतरी ठेवून द्यावे, अशी कल्पना निघाली. 1906 साली फ्रान्समध्ये रोले आणि मोरो यांनी घोड्याचा केस ठेवून पाहिला, 1912 साली झोरॅब यांनी रेशमाचा धागा ठेवला. पुढे धातू झाले, प्लॅस्टिक झाले. वाट आतून उघडी राही, पण बाहेरच्या तोंडावर व्रणाची पेशीजाळी चढे आणि सारा खटाटोप फुकट जाई.

हे कोडे अँथनी मोल्टेनो या दक्षिण आफ्रिकी नेत्रवैद्यांनी सोडविले. व्रण होणारच, तर तो आपल्याला हवा तसा होऊ द्यावा, हा त्यांचा विचार. 1969 साली त्यांनी बारीक नळीला एक तबकडी जोडली. काही वर्षांनी नळी लांब करून ती तबकडी डोळ्याच्या मागल्या बाजूस नेली. तबकडीभोवती व्रणाची पिशवी तयार होते, पाणी तीत साठते आणि भोवतालच्या ऊतींत मुरते. पिशवी पातळ राहिली तर दाब उतरतो, जाड झाली तर पुन्हा चढतो.

येथेच औषधाची गरज पुन्हा भासली. 1976 साली मोल्टेनो व त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रेडनिसोन, फ्लुफेनॅमिक ॲसिड आणि कोल्चिसिन ही दाह शमविणारी औषधे शस्त्रक्रियेच्या जोडीला पोटात देऊन पिशवी पातळ ठेवण्याचा उपक्रम प्रसिद्ध केला. ही औषधे अंगाला बाधणारी असल्याने त्यांचे अनुकरण फारसे झाले नाही. परंतु शस्त्राने केलेल्या कामाची राखण औषधाने करावी, हे तत्त्व मात्र रुजले.

1990 च्या दशकात बेअरवेल्ट यांची रुंद तबकडी आणि 1993 साली अहमद यांची झडप असलेली नळी आली. अमेरिकेत 212 रुग्णांवर झालेल्या तुलनेचे पाच वर्षांचे निष्कर्ष 2012 साली निघाले. आधी शस्त्रक्रिया झालेल्या डोळ्यांत नळी सुमारे 30 टक्के रुग्णांत अपयशी ठरली, तर छिद्राची नेहमीची शस्त्रक्रिया सुमारे 47 टक्के रुग्णांत. मात्र नळी बसविलेल्यांनाही पाच वर्षांनंतर सरासरी एकाहून अधिक औषध घ्यावेच लागत होते.

मग औषध सुरू कधी करावे? दाब चढेपर्यंत थांबावे, ही जुनी रीत. इराणमधील वैद्यांनी 2014 साली 94 डोळ्यांवरील निष्कर्ष मांडले. झडपेच्या नळीनंतर पाणी कमी करणारे थेंब लवकरच सुरू केले, तेव्हा दाब उसळण्याचा प्रकार सुमारे पाव रुग्णांत दिसला; थांबून थेंब दिलेल्यांत तो सुमारे दोन-तृतीयांशांत होता. प्रत्येक औषध असे गुणाला येते, असेही नाही. व्रण रोखणारे मायटोमायसिन छिद्राच्या शस्त्रक्रियेत उपयोगी ठरले, पण मोल्टेनोच्या नळीबरोबर त्याचा लाभ दिसून आला नाही. जोडी जमवावी लागते, ती पारखून.

या इतिहासाचे एक पान पुन्हा तामिळनाडूतच लिहिले गेले. मदुराईच्या अरविंद नेत्ररुग्णालयाशी संलग्न असलेल्या ऑरोलॅबने बेअरवेल्टच्या धर्तीची, परदेशी मालाच्या मानाने कितीतरी स्वस्त नळी 2013 साली उपलब्ध करून दिली. किमतीपायी ज्यांना शस्त्रक्रिया दुर्लभ होती, त्यांना त्यामुळे एक दार उघडले.

आमच्या वाचकांस या कथेचे अगत्य वाटावे, याला आणखी एक कारण आहे. बदलीच्या नोकरीत गाव सुटते, तसा वैद्यही सुटतो. शस्त्रक्रिया झाली, दुखत नाही, दिसते ठीक. मग नव्या गावी थेंबही सुटतात आणि तपासणीही राहून जाते. काचबिंदू बहुधा दुखत नाही, आणि हाच त्याचा घातकपणा. नळी बसली म्हणजे प्रकरण निकालात निघाले, असे नव्हे. तबकडीभोवतीची पिशवी महिनोन्‌महिने बदलत राहते आणि दाब मोजूनच तिचा कल कळतो. बदलीचा हुकूम हाती पडताच आपण सेवापुस्तक, मुलांचे दाखले आणि शिधापत्रिका यांची आठवण ठेवतो. त्याच पुडक्यात डोळ्याच्या दाबाच्या नोंदी आणि थेंबांची नावे लिहिलेला कागदही ठेवावा. शंभर वर्षांहून अधिक काळ खपून वैद्यांनी जी वाट उघडी केली, ती उघडी ठेवण्याचे उरलेले काम रोग्याचे आहे.