‘गुलाब’ शब्दाचे वाचन

सेलू तालुक्यातील वालूरसारख्या बारवांच्या गावी एखाद्या जुन्या दप्तरात ‘गुलाब’ शब्द आढळल्यास तेथे गुलाबाची बाग होती, असे संग्राहकाने लागलीच ठरवू नये. फारसीत ‘गुल’ म्हणजे फूल व ‘आब’ म्हणजे पाणी. मूळ अर्थ गुलाबपाणी, आणि ‘गुलाबदाणी’ या शब्दात तो अद्यापि टिकून आहे. ‘शतपत्र’ अमरकोशात कमळवाचक आहे. सोळाव्या शतकातील भावप्रकाशातली ‘शतपत्री’ मात्र वैद्य गुलाब मानतात. तेव्हा बागेचे अनुमान माळी, मोट वा आळी यांचा उल्लेख सोबत असेल तरच करावे. देशी गुलाब छाटकलमाने लावतात, म्हणून त्याची प्रत लेखकप्रमादाविना उतरते. पोथीचे तसे नाही. यास्तव शब्द पारखूनच वाचावा.