बावीस श्रुति आणि बारा घरें

आमची भाची यंदा नववींत आहे. तिच्या शाळेंत संगीतशास्त्राच्या जोडीला संगणकावर संगीतरचना करण्याचेंही शिक्षण देतात. गेल्या महिन्यांत तिनें भूप रागांतील एक लहानशी रचना संगणकावर बांधली आणि तिच्याखालीं तंबोऱ्याचें ध्वनिमुद्रण जोडलें. ऐकतां ऐकतां ती थांबली व म्हणाली, "मामा, हा गंधार तंबोऱ्याशीं भांडतो आहे. माझें कांहीं चुकलें का?" तिचें कांहींच चुकलें नव्हतें. अजाणतां तिनें जो प्रश्न विचारला, त्यावर शंभर वर्षांपूर्वीं आपल्याकडे मोठा वाद माजला होता.

भांडणाचें मूळ गणितांत आहे. षड्जाचीं आंदोलनें सेकंदास २४० धरलीं, तर तंबोऱ्याच्या तारेंतून आपोआप उमटणाऱ्या गंधाराशीं जुळणारा स्वर ३०० आंदोलनांचा होतो. सप्तकाचे बारा सारखे भाग पाडून पेटीवर बसविलेला गंधार मात्र सुमारें ३०२.४ चा. पंचमांत हा भेद जवळजवळ नाहींच. तो ३६० च्या जागीं ३५९.६ होतो, एवढेंच. म्हणून कान पंचमाला फसतो आणि गंधाराला जागा होतो.

देवगिरीच्या यादवांच्या आश्रयास असलेल्या शार्ङ्गदेवानें तेराव्या शतकांत 'संगीतरत्नाकर' रचला. त्यांत सप्तकाच्या बावीस श्रुति दोन वीणांच्या साह्यानें सिद्ध केल्या आहेत. पण कोणत्या श्रुतीचीं आंदोलनें किती, हें तेथें नाहीं. वीणा लावणाराचा कान हेंच प्रमाण होतें. पुढच्या पंडितांना भांडावयास एवढी जागा पुरेशी होती!

त्या जागेंत सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल शिरले. हे निवृत्त डेप्युटी कलेक्टर. त्यांनीं अब्दुल करीमखां यांच्या गायनाचें साह्य घेऊन स्वर मोजले आणि १९१० सालीं बावीस श्रुतींवर इंग्रजींत पुस्तक प्रसिद्ध केलें. सिव्हिल सर्व्हिसमधील अर्नेस्ट क्लेमेंट्स यांची त्यांना जोड मिळाली, आणि दोघांच्या खटपटींतून श्रुति-हार्मोनियम जन्मास आली. विलायतेहून आलेल्या पेटीलाच आपल्या गाण्यापुढें वाकवावयाचें, ही हौस कोणास हास्यास्पद वाटेल. मला ती फार आवडते.

१९१६ सालीं बडोद्यास सयाजीराव महाराजांच्या आश्रयाखालीं पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली, तेव्हां ही पेटी जाणत्यांपुढें मांडण्यांत आली. पण तिच्यामागचा सिद्धांत परिषदेच्या गळीं उतरला नाहीं. परिषदेचे सूत्रधार विष्णु नारायण भातखंडे यांचा रोख निराळाच होता. बारा स्वर, दहा थाट आणि सोपी स्वरलिपि इतक्या सामग्रीवर त्यांना गायनविद्या उस्तादाच्या बैठकींतून काढून शाळेच्या वर्गांत आणावयाची होती. वर्गांतल्या तीस-चाळीस मुलांना एकदम शिकवावयाचें, तर गंधार किती आंदोलनांचा हा वाद घालीत बसतां येत नाहीं. भातखंड्यांचें करणें शाळेपुरतें योग्यच होतें, असें मला वाटतें. पण वर्गांत एकदां बारा घरें आंखलीं गेलीं, कीं त्यांच्या मधल्या जागांकडे मुलांचें लक्ष जाणें कठीण होतें, हेंही खरें.

पेटीवरचा राग पुढें १९४० सालीं आकाशवाणीवर फुटला. तेथें हार्मोनियमला बंदी झाली आणि ती १९७१ पर्यंत टिकली. मैफलींतून मात्र पेटी हलली नाहीं.

१९८३ सालीं निरनिराळ्या कारखान्यांचीं विद्युद्वाद्यें एकमेकांशीं बोलावींत म्हणून 'मिडी' नांवाची समान संकेतभाषा ठरली. तींत स्वरांस एकंदर १२८ क्रमांक दिले असून प्रत्येक सप्तकाच्या वांट्याला बाराच येतात. आमच्या भाचीच्या पडद्यावरील आंखलेलीं घरें तींच. परंतु त्या संकेतांतच स्वर खालीं-वर ओढण्याचीही सोय आहे, आणि अर्ध्या स्वरांतराचे शंभर भाग करून त्यांतला एकेक भाग सरकवितां येतो. देवलांना जें पेटींतल्या धातूच्या पात्यांकडून करवून घ्यावें लागलें, तें आतां एका आंकड्यानें होतें.

आम्हीं गंधार चौदा भागांनीं उतरविला. तंबोरा निवळला. मग ती धैवताकडे वळली, आणि तेथें मीच अडलों. गंधाराशीं जुळवावा तर धैवत ४०० चा येतो, २७० च्या रिषभाशीं जुळवावा तर ४०५ चा. तिनें दोन्ही लावून पाहिले. पहिला तिला गोड लागला, दुसरा तेजस्वी. कोणता ठेवावयाचा, हें अद्याप ठरलेलें नाहीं. रचनेच्या दोन प्रती तिनें करून ठेवल्या आहेत.