दोन आंधळे राजे

हिंगोलीजवळील औंढा नागनाथाचे यादवकालीन शिल्पकाम पाहताना त्या घराण्याचे वैभव मनात भरते. त्यामागची भाऊबंदकी दगडावर दिसत नाही. देवगिरीचा कृष्णदेव सुमारे १२६० मध्ये निवर्तला, तेव्हा पुत्र रामचंद्र लहान असल्यामुळे धाकटा भाऊ महादेव गादीवर बसला. गादी पुढे पुतण्यास मिळावयाची. परंतु १२७१ मध्ये ती महादेवाचा मुलगा आमणदेव याजकडे गेली. रामचंद्राने रणांगण पत्करले नाही. नटांच्या वेषात आपल्या माणसांसह तो किल्ल्यात शिरला आणि नृत्य रंगात आले असता त्याने आमणास पकडले. आमणाचे डोळे काढल्याची हकीकत महानुभाव वाङ्मयात येते. ज्ञानेश्वरीच्या शेवटी गौरविलेला रामचंद्र तो हाच!

नॉर्वेच्या इतिहासात याचे जुळे भावंड सापडते. तेथे औरस-अनौरस हा भेद न मानता प्रत्येक राजपुत्र गादीवर हक्क सांगे. सिगुर्ड राजा ११३० मध्ये वारल्यावर त्याचा मुलगा मॅग्नस आणि स्वतःस सिगुर्डचा सावत्र भाऊ म्हणविणारा हाराल्ड यांनी राज्य वाटून घेतले. ११३४ मध्ये मॅग्नसने हाराल्डला पिटाळले. पुढल्याच वर्षी बर्गेन येथे तो स्वतःच त्याच्या हाती लागला. हाराल्डने त्याचे डोळे फोडविले, पाय तोडविला व त्यास मठात टाकले. जीव न घेता डोळेच का घ्यावयाचे, हे अंधत्वापायी डावललेल्या धृतराष्ट्राची कथा जाणणारांस सांगावयास नको.

येथून मात्र वाटा फुटतात. ११३६ मध्ये हाराल्डचा खून झाला. आंधळ्या मॅग्नसला मठातून काढून पुन्हा राजा म्हणून पुढे केले गेले, आणि ११३९ च्या आरमारी लढाईत तो पडला. कलह १२४० पर्यंत धुमसत राहिला. कारण प्रांतोप्रांतीच्या सभा आपापला राजा उभा करू शकत. देवगिरीस गादी, खजिना व मंत्री एकाच डोंगराच्या आश्रयास होते. किल्ला ज्याचा, राज्य त्याचे. महादेवाचा मंत्री हेमाद्री रामचंद्राचाही मंत्री राहिला, आणि रामचंद्राने चाळीस वर्षे राज्य केले. परंपरेप्रमाणे नरसीस १२७० मध्ये जन्मलेले नामदेव याच राजवटीत वाढले.

परंतु जे एका किल्ल्यात मिळाले ते एका किल्ल्यात अडकूही शकत होते, असे मला वाटते. १२९६ मध्ये अल्लाउद्दीन अचानक आला, तेव्हा मुख्य सैन्य राजपुत्र शंकरदेवाबरोबर दूर होते. रामचंद्र गडात कोंडला गेला, आणि अपार द्रव्य देऊन त्याला वेढा उठवून घ्यावा लागला.