हेअरी सेल ल्युकेमिया : अस्थिमज्जेवरून निदान

बी-लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशींपासून उद्भवणारा, संथपणे वाढणारा रक्ताचा दुर्मिळ कर्करोग. ल्युकेमियाच्या एकूण रुग्णांत याचे प्रमाण सुमारे २ टक्के. रुग्ण बहुधा पन्नाशीच्या पुढेमागे असतात आणि त्यांत पुरुष स्त्रियांच्या चार-पाच पट. ओहायो स्टेट विद्यापीठातील बर्था बुरोंकल व सहकाऱ्यांनी १९५८ मध्ये या आजाराचे स्वतंत्र आणि तपशीलवार वर्णन केले. पेशींच्या कडेने निघालेल्या केसाळ तंतूंवरून पडलेले आजचे नाव १९६६ नंतर रूढ झाले.

ल्युकेमिया म्हटले की पांढऱ्या पेशी लाखांवर गेल्या असणार, अशी सर्वसाधारण समजूत असते. येथे मात्र हिमोग्लोबिन, पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट असे तिन्ही आकडे बहुधा कमीच भरतात, आणि प्लीहा वाढलेली असते. भारतात अशा रुग्णाबाबत आधी मलेरिया, काळा आजार, क्षय किंवा यकृताचा विकार मनात येतो, आणि ते रास्तच आहे. खरा धागा मोनोसाइट या पांढऱ्या पेशींच्या आकड्यात सापडतो: या आजारात त्या पेशी जवळपास नाहीशा होतात. पण रक्तगणक यंत्र कधीकधी केसाळ पेशींनाच मोनोसाइट समजून मोजते. त्यामुळे काचपट्टी डोळ्यांनी पाहण्याला पर्याय नाही.

अस्थिमज्जेचा नमुना कमरेच्या मागच्या हाडातून, जागा बधिर करून घेतात. सिरिंज ओढली तरी पुष्कळदा काहीच येत नाही. केसाळ पेशींभोवती रेटिक्युलिनच्या तंतूंचे जाळे विणले गेलेले असते आणि मज्जा त्यात अडकून राहते. सुई नीट बसली नाही असे म्हणून मोकळे होणे सोपे असते. जाणत्या डॉक्टरला मात्र हा ‘ड्राय टॅप’ रोगाचीच खूण वाटतो. अशा वेळी हाडाचा दीड-दोन सेंटिमीटर लांबीचा दंडगोल तुकडा काढावा लागतो. तो फॉर्मेलिनमध्ये टाकण्यापूर्वी काचपट्टीवर हलकेच टेकवून घेतला, तर त्या ठशातही केसाळ पेशी भेटतात. पुढे हाडातला चुना काढणे, मेणात बसवणे, पातळ काप घेणे हे सारे आल्याने अहवालाला काही दिवस लागतात.

सूक्ष्मदर्शकाखाली इतर लिम्फोमांतल्यासारखी पेशींची दाटी येथे नसते. प्रत्येक पेशी शेजारणीपासून अंतर राखून असते: मध्ये केंद्रक, भोवती फिकट मोकळी जागा आणि ठळक कड, हाफ फ्राय अंड्यासारखी. केस मात्र कापात दिसत नाहीत. ते रक्ताच्या काचपट्टीवरच पाहावेत. काही रुग्णांत मज्जा इतकी रिकामी असते की अॅप्लास्टिक अॅनिमिया असे निदान होऊन बसते. ही चूक महागात पडते, कारण दोन्हींचे उपचार सर्वस्वी वेगळे आहेत. बी-पेशींवरील सीडी २० या प्रथिनाचा रंग दिला की त्याच रिकाम्या भासणाऱ्या कापात विखुरलेल्या पेशी तपकिरी होऊन उठून दिसतात.

पूर्वी टार्ट्रेटला न जुमानणाऱ्या अॅसिड फॉस्फेटेजच्या, म्हणजे ‘ट्रॅप’ रंगाच्या चाचणीवर भिस्त असे. आता पेशींवरील खुणा तपासणाऱ्या फ्लो सायटोमेट्रीत सीडी ११सी, सीडी २५, सीडी १०३ आणि सीडी १२३ ही चौकडी पाहतात. अॅनेक्सिन ए१ हा रंग या रोगाला फार नेमका आहे, मात्र तो मज्जेतल्या मायलॉइड पेशींनाही लागतो. म्हणून तो सीडी २० च्या कापाशेजारी ठेवूनच वाचावा. २०११ मध्ये इटलीतील पेरुजा येथील तियाच्ची, फालिनी व सहकाऱ्यांना तपासलेल्या ४८ च्या ४८ रुग्णांत बीआरएएफ जनुकातला व्ही६००ई हा बदल सापडला. एका आजाराचे एका जनुकबदलाशी इतके घट्ट नाते रक्ताच्या कर्करोगांत क्वचितच दिसते. ज्याला या आजाराचा ‘व्हेरियंट’ म्हणत आले, त्या प्रकारात सीडी २५, अॅनेक्सिन ए१ आणि हा बदल तिन्ही नसतात. तो वेगळाच आजार मानला जातो आणि नेहमीच्या औषधांना तितकी दाद देत नाही.

निदानाचा एवढा काटेकोरपणा उपचारामुळे सार्थ ठरतो. कॅलिफोर्नियातील स्क्रिप्स क्लिनिकने १९९० मध्ये क्लॅड्रिबीन या औषधाच्या एकाच सात दिवसांच्या कोर्सनंतर १२ पैकी ११ रुग्णांत रोग पूर्ण ओसरल्याचे नोंदवले. औषधानंतर साधारण चार ते सहा महिन्यांनी मज्जा पुन्हा तपासतात. साध्या रंगात स्वच्छ दिसणाऱ्या कापात विशेष रंगांनी तुरळक पेशी सापडू शकतात. सीडी २० लाच लक्ष्य करणारे रिटुक्सिमॅब हे औषध दिले असेल, तर या फेरतपासणीत सीडी २० वर विसंबता येत नाही आणि दुसरे रंग वापरावे लागतात.