एकशे तीस पौंडांचं जंगल

नुसतं डोंगरात भटकून जंगलं वाचतात का? वीकएंडला ट्रेक करणाऱ्या मंडळींना हा टोमणा हमखास ऐकावा लागतो. तुम्ही फिरता, फोटो काढता, घरी येता... जंगलाचं काय भलं होतं? मला यावर सिडनीजवळच्या एका जंगलाची गोष्ट सांगायला आवडते.

सिडनीच्या पश्चिमेला ब्लू माउंटन्स नावाचे डोंगर आहेत. त्यात ग्रोझ नदीची खोल दरी आहे, आणि तळाशी उंचच उंच सरळसोट झाडांचं एक जंगल : ब्लू गम फॉरेस्ट. ब्लू गम म्हणजे आपल्या भाषेत निलगिरीचाच एक प्रकार. आपल्याकडे निलगिरी म्हटलं की बाहेरून आणून लावलेलं झाड डोळ्यांसमोर येतं, पण तिथं ती अस्सल मातीतली. या जंगलात जायचं तर आजही पायीच जावं लागतं. वरच्या कड्यावरून सुमारे ६०० मीटर उतरायचं, आणि मग तेवढंच चढायचं. (गुडघ्यांना विचारून घ्या!)

ऑस्ट्रेलियात अशा भटकंतीला 'बुशवॉकिंग' म्हणतात. माइल्स डन्फी नावाच्या तरुणानं १९१४ मध्ये दोन मित्रांना घेऊन 'माउंटन ट्रेल्स क्लब' काढला. तो पुरुषांचाच, आणि आमंत्रणाशिवाय प्रवेश नाही. मग १९२७ मध्ये 'सिडनी बुश वॉकर्स' हा जास्त मोकळा क्लब निघाला, ज्यात पहिल्यापासून बायकाही होत्या. शनिवारी दुपारी काम सुटलं की पाठीवर सॅक टाकून ट्रेन पकडायची आणि रविवारी रात्री परत. थोडक्यात, आपल्यासारखीच नोकरदार माणसं.

१९३१ च्या ईस्टरला यातली काही मंडळी ब्लू गममध्ये तंबू ठोकून होती. तिथं त्यांना क्लॅरन्स हंगरफर्ड हा बागाईतदार भेटला. त्या जमिनीचा भाडेपट्टा त्याच्याकडे होता. त्याचा बेत साधा होता : निलगिरी तोडायची आणि अक्रोड लावायचे. लक्षात घ्या, तो काही खलनायक नव्हता. जमीन कायद्यानं त्याच्याकडे होती आणि काळ महामंदीचा होता.

मग या मंडळींनी काय केलं? मोर्चा नाही, कोर्ट नाही. सरळ विचारलं, पट्टा सोडायचे किती घेणार? त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये, भर पावसात, त्याच जंगलात बैठक झाली आणि सौदा ठरला १३० पौंडांना. दर तीन-चार कामगारांमागे एक जण बेकार असलेल्या देशात छंदापायी एवढी रक्कम उभी करायची, म्हणजे चेष्टा नव्हती. बरीचशी रक्कम बिनव्याजी कर्जाऊ मिळाली, बाकी वर्गणीतून जमली. पैसे हंगरफर्डला पोचले आणि सप्टेंबर १९३२ मध्ये सरकारनं ती ४० एकर जागा राखीव जाहीर केली.

४० एकर! आपल्याकडच्या एखाद्या आयटी पार्कएवढी जागा. मग एवढं कौतुक कशाला?

कारण गोष्ट तिथं थांबली नाही. त्याच १९३२ मध्ये वेगवेगळ्या क्लबांनी मिळून आपला महासंघ काढला. डन्फीच्या डोक्यात तर अख्ख्या डोंगररांगेचं राष्ट्रीय उद्यान होतं. पेशानं तो वास्तुकलेचा शिक्षक, आणि नकाशे काढण्यात पट्टीचा. जिथं जाई तिथले ओढे, कडे, वाटा टिपून ठेवी. १९३४ मध्ये 'कटूंबा डेली' या स्थानिक वर्तमानपत्रानं त्याचा प्रस्ताव नकाशासकट पुरवणी म्हणून छापला. म्हणजे बघा, आधी पायांनी सर्व्हे, मग डॉक्युमेंटेशन, आणि त्यानंतर मागणी! मेरी बाइल्स ही न्यू साउथ वेल्समधली पहिली महिला सॉलिसिटर (१९२४) याच सिडनी बुश वॉकर्सची सदस्य. तिच्या चिकाटीनं सिडनीच्या उत्तरेचा बुडी हा किनारी भाग १९३५ मध्ये राखीव झाला.

ब्लू माउंटन्स राष्ट्रीय उद्यान मात्र व्हायला १९५९ उजाडलं. प्रस्ताव छापल्यापासून २५ वर्षं! एवढ्या वेळात आपले किती प्रोजेक्ट सुरू होऊन गुंडाळले जातात, मोजा. २००० साली हा सगळा परिसर, सुमारे १० लाख हेक्टर, जागतिक वारशात गेला.

एक गोष्ट मात्र या कौतुकात विसरू नये. ज्याला ही मंडळी 'अस्पर्श रान' म्हणत, तो धारुग आणि गुंडुंगुरा लोकांचा हजारो वर्षांचा मुलूख. नकाशावर रिकामी दिसणारी जागा रिकामी नव्हती. आज तिथल्या संवर्धनात हे लोक आपला हक्काचा आवाज मागतात, आणि ते रास्तच आहे.

शिवाय जंगल एकदा वाचवलं की कायमचं वाचलं असंही नाही. २०१९-२० च्या भीषण वणव्यांत ग्रोझ दरीही होरपळली. कुऱ्हाडीला १३० पौंड देऊन थांबवता येतं, तापत चाललेल्या हवेला नाही. त्यासाठीचा सौदा फार मोठा आहे आणि त्यात समोर एकच हंगरफर्ड नाही.

तरीही त्या टोमण्याला माझं उत्तर 'हो' असंच आहे. पट्टा सरकारी कागदावर होता, पण ती झाडं जाणार आहेत हे कळलं ते तिथं मुक्कामाला गेलेल्यांना. घरी बसलेल्या कुणाला पत्ताच लागला नसता. भटकणं म्हणजे जंगल वाचवणं नव्हे, कबूल. पण ज्या जागी आपण कधी गेलोच नाही, तिच्यासाठी खिशात हात घालणारे फार थोडे असतात. तेव्हा जात राहा. आणि जाल तेव्हा तिथल्या जमिनीचा पट्टा कुणाकडे आहे, तेवढं विचारून या :)