नाव पुसलेलं रक्त

परवा भाचीबरोबर दवाखान्यात गेले होते. पहिलटकरीण आहे, नाव नोंदवायचं होतं. ती वजन करायला गेली तेवढ्यात मी तिच्या तपासण्यांचा कागद वाचला. हिमोग्लोबिन, रक्तगट, साखर, व्हीडीआरएल, एचआयव्ही. शेवटच्या शब्दावर मी थबकले. तिला त्याचं काहीच वाटलं नव्हतं. पण त्या एका शब्दामागे बराच इतिहास आहे, मंडळी.

भारतात एचआयव्ही पहिल्यांदा सापडला १९८६ मध्ये, चेन्नईत. शोधणाऱ्या होत्या डॉ. सुनीती सॉलोमन (माहेरच्या गायतोंडे, मराठी घरातल्या) आणि त्यांची विद्यार्थिनी निर्मला. ते नमुने वेश्याव्यवसायातल्या बायकांचे होते, त्यामुळे हा 'त्यांचा' आजार, असं म्हणून बाकीचे मोकळे झाले.

पण तो घराघरांत किती पोचलाय, हे कसं कळणार? त्यासाठी गरोदर बायका निवडल्या गेल्या. त्या दवाखान्यात येतातच, आणि व्हीडीआरएलसाठी त्यांचं रक्त घेतलं जातंच. १९९८ पासून देशभर दरवर्षी ही पाहणी होऊ लागली. एका केंद्रावर ४०० नमुने. उरलेल्या रक्तावरून नाव काढून टाकायचं आणि मग तपासायचं. गरोदर बायकांत प्रमाण १ टक्क्याच्या वर गेलं की राज्य 'जास्त प्रादुर्भावाचं'. आपला महाराष्ट्र त्या यादीत होता.

नाव नाही म्हणजे बदनामी नाही, हे खरं. पण नाव नाही म्हणजे निरोपही नाही! जिचं रक्त, तिलाच त्यातून काही कळणार नव्हतं.

औषध नव्हतं तोवर हे एकवेळ चाललं असतं. पण १९९४ मध्ये अमेरिका आणि फ्रान्समधल्या अभ्यासाने दाखवलं, की झिडोवुडिनमुळे बाळाला होणारी लागण २५.५ टक्क्यांवरून ८.३ वर येते. ते महाग होतं. मग १९९९ मध्ये युगांडातून बातमी आली: कळा सुरू झाल्यावर आईला नेव्हिरापिनची एक गोळी, जन्मल्यावर बाळाला एक डोस, आणि लागण जवळजवळ निम्मी. आता नाव विचारण्याला अर्थ आला. २००० नंतर आपल्याकडच्या सरकारी दवाखान्यांत समुपदेशन, तपासणी आणि ही गोळी हळूहळू पोचली.

तरी एक गोष्ट मला खुपते. ती गोळी बाळासाठी होती. आईचा आजार तिथेच राहायचा. उलट एकाच डोसमुळे तिच्या शरीरातला विषाणू त्या औषधाला दाद देईनासा होण्याची भीती असायची, म्हणजे पुढचे तिचे उपचार अवघड. मोफत एआरटी २००४ मध्ये सुरू झाली, पण ती आजार बळावलेल्यांना. गरोदरपणात लागण आढळली की लगेच आणि आयुष्यभर औषध, हे धोरण आलं २०१४ मध्ये. तेव्हा कुठे आईचा विचार आई म्हणून झाला.

आकड्यांचीही एक गंमत. २००७ मध्ये देशातल्या रुग्णांचा अंदाज ५० लाखांच्या वरून एकदम २५ लाखांवर आला. आजार ओसरला नव्हता. घरोघरी जाऊन रक्त तपासल्यावर कळलं, की सरकारी दवाखान्यात येणाऱ्या बायका म्हणजे सगळा देश नव्हे. २०१९ च्या पाहणीत गरोदर बायकांतलं प्रमाण ०.२४ टक्के होतं.

असो. भाची परत आली. "काय गं मावशी, एवढं काय वाचतेस?"

म्हटलं, "तुझं नाव नीट लिहिलंय ना, ते बघतेय."