सहावा मुलगा आणि न मोजलेली मुलगी

मार्च १९५१ मध्ये विनोबा वर्ध्याजवळच्या पवनार आश्रमातून पायी तेलंगणाकडे निघाले. १८ एप्रिलला पोचमपल्लीत रामचंद्र रेड्डी यांनी शंभर एकर जमीन देऊ केली आणि भूदानाला आरंभ झाला. पुढे गावोगाव जमीन मागताना विनोबा एक साधा हिशेब मांडत : पाच मुलगे असतील तर मला सहावा समजा आणि माझा वाटा मला द्या. या मागणीची नैतिक थोरवी निर्विवाद आहे. आम्हांला लक्ष वेधायचे आहे ते तिच्यातील मोजणीकडे. वारस म्हणजे मुलगे, हे तीत गृहीत होते. आणि ते एकट्या विनोबांचे नव्हे, मिताक्षरेचे व घरोघरच्या समजुतीचे गृहीतक होते.

मृत्युपत्र न करता बाप गेला तर कोणाला मोजायचे, हे कायद्याने पाच वर्षांनी नव्याने ठरवले. १७ जून १९५६ रोजी हिंदू उत्तराधिकार कायदा लागू झाला, तेव्हा वर्धा जिल्हा मध्य प्रदेशात होता. नोव्हेंबरात तो मुंबई राज्यात आला. बापाच्या स्वकष्टार्जित मिळकतीत मुलगा, मुलगी, विधवा व आई यांना समान वाटा मिळाला. वडिलोपार्जित शेतात मात्र मोजणी अडली. समजा, शेत नऊ एकर, आई हयात नाही, दोन मुलगे आणि एक मुलगी. आधी बाप व मुलगे यांना तीन-तीन एकर. मग बापाच्या तीन एकरांचे तीन वाटे. मुलग्यांना चार-चार एकर, मुलीला एक. महाराष्ट्राने १९९४ मध्ये मुलीला सहदायाद केले, पण तोवर लग्न न झालेलीलाच. ही अट केंद्राच्या २००५ च्या दुरुस्तीने गेली. दुरुस्तीच्या दिवशी वडील हयात असण्याची गरज नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये विनीता शर्मा खटल्यात स्पष्ट केले. आता हिशेब तीन-तीन एकरांचा आहे.

तरीही तेरवी आटोपली की पुष्कळ घरांत बहिणीपुढे हक्कसोडपत्र येते. वारस नोंदवहीत आलेले नाव त्या एका सहीने मागे सरते. सही केली नाही तर माहेर तुटेल, हे तिला कोणी सांगावे लागत नाही. या सहीला दान म्हणता येईल का? विनोबांनी ज्यांच्यापुढे हात पसरला त्यांच्या नावावर जमीन होती. नाही म्हणण्याची मोकळीकही होती. बहिणीला पुरते मोजण्याआधीच तिच्याकडे मागितले जाते.